दहा बाय बाराच्या खोलीत मुलीचा कोपरा



गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने दोन हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणाली, "पोरीला अभ्यासाला जागा करायचीय." सगळ्या गप्प. शिलाई मशीनला, आजारपणाला, लग्नाला आम्ही कर्ज दिलंय, पण घरातला कोपरा सजवायला आजवर कोणी मागितलं नव्हतं. मीच पहिली बोलले, "ताई, हा काही कमाईचा खर्च नाही." त्यावर ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "एकदा घरी येऊन बघा."

मी गेले. आपल्या काल्हेरमधली नेहमीसारखी चाळीतली खोली. दहा बाय बारा, वर पत्रा, एका बाजूला ओटा आणि मोरी, दुसऱ्या बाजूला कॉट. माणसं पाच. मुलगी दहावीला. बाबा गोदामातून आले की ती कॉटवरून उठून खाली बसते. जेवणाची ताटं घेतली की दाराशी जाते. पाणी आलं की दप्तर उचलून कॉटवर ठेवते. तासाभरात तिने तीनदा जागा बदलली. धडा कुठे राहिला होता, ते दरवेळी शोधायचं. तिथेच मला माझं बोलणं खटकलं. कर्ज मंजूर झालं, शेकडा दोनने, पाच हप्त्यांत.

आता कोपरा केला कसा, ते सांगते. आधी जागा. सगळ्यात सुंदर जागा शोधू नका, जिथून कोणाला उठवावं लागणार नाही ती शोधा. दार, मोरी आणि टीव्ही यांच्यापासून जरा बाजूला. आम्हाला कॉटच्या पायथ्याशी तीन फुटांची भिंत मिळाली. सुताराकडून अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी घेतली. ती बिजागऱ्यांवर भिंतीला बसवली आणि दोन बाजूंना साखळ्या लावल्या. अभ्यासाला खाली पाडायची, रात्री अंथरूण घालताना वर उचलायची. उंची मात्र मुलीला बसवून ठरवा. लिहिताना खांदे वर चढत असतील तर फळी उंच झाली.

उजेड उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीला डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते. डावखुरी असेल तर उलट. विजेच्या बिलाची भीती बाळगू नका. 9 वॅटचा एलईडी बल्ब रोज चार तास जळला, तर महिन्याला एक युनिटच्या थोडंसंच वर जातं. पण वायर खिळ्याला गुंडाळून नेऊ नका आणि पडद्याचं कापड बल्बला लागू देऊ नका.

पुस्तकांना आम्ही फळवाल्याकडची दोन लाकडी खोकी घेतली. काचकागदाने घासली, फळ्यांतले खिळे ठोकून घेतले आणि एकावर एक ठेवली. पुठ्ठ्याची खोकी तर आपल्याकडे गोदामांमुळे ढिगाने मिळतात. फक्त आत काय होतं ते विचारून घ्या. आपल्या भागात रसायनांचीही गोदामं आहेत. उग्र वास येणारं खोकं किंवा पिंप फुकट मिळालं तरी घरात आणायचं नाही.

भिंत ओलसर असेल तर सजावट त्या भिंतीला चिकटवूच नका. हे मी पैसे घालवून शिकले. माझ्या भाचीसाठी हौसेने भिंतभर चकचकीत कागद लावला होता. श्रावणात कडा सुटल्या, मागे काळी बुरशी! पुस्तकंही भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, वारं खेळलं पाहिजे.

बसायला गोधडी. जुन्या सुती साड्यांचे थर आणि धावदोरा, हे मी तुम्हाला काय शिकवणार? नवं एवढंच की मुलीलाच तुकडे निवडू द्या. या मुलीने आजीच्या नऊवारीचा काठ मधोमध घेतला. भिवंडीच्या मागांवरचे कापडाचे तुकडे मिळाले तर पडदाही होतो. दोरी बांधून पडदा ओढला की खोलीत खोली तयार.

भिंतीवर वारली चित्र काढायची तिला हौस होती. वारली बायका पूर्वीपासून लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. पुढे डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या जगण्याची चित्रं काढली आणि त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आपण पीठ वापरू नये, मुंग्या लागतात. आम्ही पुठ्ठ्याला गेरू लावला आणि पांढऱ्या रंगाने काढलं. दुसरीकडे नेता येतं, भाड्याच्या खोलीत घरमालकाची कटकटही नाही.

खरी गंमत पुढे झाली. उरलेल्या जागेत आईला देवीचं कॅलेंडर लावायचं होतं. मुलीने तिथे वर्तमानपत्रातलं कात्रण लावलं, पोलीस भरतीला धावणाऱ्या मुलींचं. शेजारी शाळेतलं कबड्डीचं मेडल. आईच्या मनात नर्सिंग. दोन दिवस घरात धुसफूस. मग आईच मला म्हणाली, "इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं, त्या भिंतीने विचारलं." कॅलेंडर ओट्याजवळ गेलं.

जागेसोबत वेळही लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचं कुटुंब मुंबईत लोअर परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत राहायचं. धूर, भांडी, जातं, बकरीसुद्धा तिथेच. वडील रामजी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत चिमणीच्या उजेडात अभ्यास. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या खोलीत फळी बसवायलाही जागा नसेल. वडिलांनी स्वतःची झोप दिली.

आमच्या ताईकडे आता सात ते नऊ टीव्ही बंद असतो. मालिका चुकते म्हणून सासूबाई आधी रुसल्या, आता शेजारणीकडे जाऊन बघतात. रस्त्यावरच्या कंटेनरचा आवाज मात्र आपण थांबवू शकत नाही.

मंडळी, खर्च विचाराल तर फळी, बिजागऱ्या, साखळ्या, सुताराची मजुरी, बल्ब आणि रंग धरून दोन हजारांतले थोडे उरले. त्यातून घड्याळ आलं. कर्जाच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी आधी पेन्सिलीने 'इतर' लिहिलं होतं, ते खोडून 'शिक्षण' केलं. हप्ते फिटले. सध्या दुपारी ती शाळेत गेली की धाकटा भाऊ गुपचूप तिच्या फळीवर बसतो, आणि संध्याकाळी दोघांचं भांडण होतं. आई त्याच्यासाठी तिसरं खोकं शोधतेय.