कॉलेज नावाजलेले घ्यावे की शाखा मनाजोगी?

शेतकरी बंधूंनो, बारावी-सीईटीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी फॉर्म भरणाऱ्यांच्या दुकानांत बाप-लेकांची गर्दी होते. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. बरेच जण तिथेच अडतात.

उदाहरण घ्या. पोराला इलेक्ट्रिकल हवे आहे. गुण असे आहेत, की कराडच्या सरकारी कॉलेजात ते मिळेल. पुण्याच्या सीओईपीत मात्र धातुशास्त्रच हाती लागेल. सीओईपी १८५४ सालची संस्था, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. नाव मोठेच. भावकी म्हणते, "अरे, पुण्याला घाल! शाखा काय, पुढं बदलून मिळंल."

या "बदलून मिळंल"वर विसंबू नका. शाखाबदल होतो तो जागा रिकामी असली तर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर. जिला मागणी जास्त त्या शाखेची जागा नावाजलेल्या कॉलेजात सहसा रिकामी राहत नाही. नाही मिळाली, तर चार वर्षे तोच विषय. धातुशास्त्र वाईट नाही. ज्याला त्याची आवड आहे त्याने ते जरूर घ्यावे. पण आवड नसलेला विषय पोरगा रेटत राहतो, विषय मागे पडतात, आणि घरी सांगायची त्याला चोरी होते. मग नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा!

कराडचे कॉलेजही कालपरवाचे नव्हे. ते १९६० चे आहे. सांगलीचे वालचंद तर १९४७ चे. पोराचे मन एका शाखेवर पक्के असेल, तर अशा कॉलेजातली ती शाखा वर लिहा. बियाणे घेताना आपण नुसते पिशवीवरचे नाव बघतो का? आपल्या रानात काय येते तेही बघतोच ना!

मात्र दुसरी बाजूही आहे. पोराचेच अजून ठरलेले नसेल, दोन-तीन शाखा सारख्याच वाटत असतील, तर मोठे कॉलेज घेण्यात शहाणपण आहे. तिथे संगत चांगली मिळते, कंपन्या जास्त येतात. फक्त पुण्यात वसतिगृह मिळाले नाही, तर खोली आणि खाणावळीचा खर्च आधी मांडून बघा.

ठरवायचे ते फॉर्म भरण्याआधी. संगणक तुमची यादी वरून खाली बघत येतो आणि गुणांत बसणारी पहिली जागा देतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेरीत बसता येत नाही. म्हणून केवळ नावासाठी नको ती शाखा पहिल्या नंबरावर टाकू नका. बाकी फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा.

तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी यांतला एक कागद अडला, तरी गुण असून हक्काची जागा जाते. गावातल्या बारावीच्या पोरापोरींची यादी करून हे कागद आधीच मार्गी लावा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा. हे घरोघरी सांगा.

आणि बंधूंनो, यादी लिहायच्या आदल्या रात्री भावकीला नको, पोराला जवळ बसवून विचारा, "बाबा, चार वर्षं तुला काय शिकायला आवडंल?" कॉलेजचे नाव गावात चार दिवस गाजेल. अभ्यास त्याला चार वर्षे करायचा आहे.