आगंतुकांचा रकाना

हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन आणि रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन यांचं वजन सारखंच भरायला हवं. लॉर्ड रॅले यांच्या तराजूत ते भरेना. हवेतला ऑक्सिजन, बाष्प, कार्बन डायऑक्साइड सगळं काढून उरलेला वायू लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे, तर रसायनांपासून मिळवलेला नायट्रोजन १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी 'चालायचंच' म्हणून वही मिटली असती. हा फरक प्रथम जाणवला तेव्हा, १८९२ मध्ये, रॅले यांनी 'नेचर' साप्ताहिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं, की याचं कारण कुणी सांगू शकेल का?

लंडनचे विल्यम रॅम्से पुढे आले. त्यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजन शोषत गेलं आणि शेवटी थोडासा वायू उरला, जो काही केल्या कशाशीच संयोग पावेना. ऑगस्ट १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी ऑक्सफर्डच्या सभेत तो जाहीर केला. हाच आरगॉन. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. इतकी वर्षं तो सगळ्यांच्या नाकाखालीच होता.

वायू मिळाला, पण ठेवायचा कुठे? आवर्तसारणीत त्याच्यासाठी घरच नव्हतं.

ती सारणी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. १८६९ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती कोणत्या क्रमाने शिकवायची, हा त्यांच्यापुढचा अगदी मास्तरी प्रश्न. चीज बनवणाऱ्या दुग्धशाळांच्या पाहणीसाठी त्यांना बाहेरगावी जायचं होतं. त्याबद्दल आलेल्या एका पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी अणुभारांची जुळवाजुळव केलेली आजही पाहायला मिळते.

युक्ती अशी: मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडत जायची आणि गुणधर्म पुन्हा तेच दिसू लागले की नवी ओळ धरायची. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे पाण्याशी झटापट करणारे मऊ धातू एका रकान्यात येतात. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन दुसऱ्या. अशा याद्या इतरांनीही केल्या होत्या. मेंडेलीव्ह यांचं वेगळेपण त्यांच्या हट्टात आहे. टेल्युरियमचा अणुभार आयोडीनपेक्षा जास्त, म्हणजे नियमाने आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीन स्वभावाने ब्रोमीनच्या भावकीतलं. मेंडेलीव्ह यांनी सरळ अदलाबदल केली आणि म्हटलं, टेल्युरियमचा भारच चुकीचा मोजला असणार. (भार बरोबर होता. अदलाबदलही बरोबर होती. ही गंमत उलगडायला चार दशकं लागली.)

जिथे स्वभाव जुळणारं काही सापडेना, तिथे त्यांनी घर रिकामं ठेवलं आणि १८७१ मध्ये त्यातल्या तीन घरांत पुढे कोण येईल याचं तपशीलवार वर्णन लिहून टाकलं. ॲल्युमिनियमच्या खालचा रहिवासी १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडला. ल्कॉक द ब्वाबोद्राँ यांनी त्याला गॅलियम नाव दिलं आणि घनता मोजली, ४.७. मेंडेलीव्ह यांनी गॅलियमचा कणही पाहिलेला नव्हता. तरी त्यांनी कळवलं, घनता ५.९ च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध झालेला नसावा. शुद्ध करून पुन्हा मोजली, तर ५.९ आली! हा धातू २९.८ अंशांना वितळतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो बाटलीत पाऱ्यासारखा पातळच राहील. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं आणि उरलेली दोन वर्णनंही खरी ठरली.

आरगॉनची अडचण त्यामुळेच मोठी. मांडलेली पानं भरत चाललेल्या पंगतीत हा पाहुणा आला होता आणि याचं पान कुणी वाढलेलंच नव्हतं. त्याचा अणुभार ४० च्या आसपास, म्हणजे पोटॅशियमहून किंचित जास्त आणि कॅल्शियमच्या जवळपास. तिथे जागा नव्हती. संयोगच पावत नसल्यामुळे स्वभाव पडताळायचीही सोय नव्हती. खुद्द मेंडेलीव्ह यांना वाटलं, हे मूलद्रव्यच नसेल, तीन अणूंचा नायट्रोजन असेल.

तिढा सुटू लागला तो हेलियममुळे, आणि इथे कोकणातली एक लोकप्रिय कथा दुरुस्त करायला हवी. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं बरेचदा छापून येतं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच खगोलज्ञ झान्सन यांनी ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्येच होते. ऑक्टोबरमध्ये नवा वर्णपटदर्शक हाती आल्यावर त्यांनी ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही हे ताडलं. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचा मान त्यानेही कमी होत नाही. पण तोवर रॅम्से यांनी पृथ्वीवरच्या एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम बाहेर काढून तीन वर्षं होत आली होती.

आरगॉन आणि हेलियम, दोघेही तितकेच अलिप्त. एकाला घर नसणं हा अपवाद म्हणता येतो; दोन झाले की कुटुंबाचा संशय येतो. रॅम्से यांनी तो संशय मनावर घेतला. तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह त्यांनी हवा थंड करून द्रवरूप केली, हळूहळू उकळू दिली आणि १८९८ या एका वर्षात क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन असे तीन वायू वेगळे केले. आता या अलिप्त वायूंचा, म्हणजे राजवायूंचा, अख्खा रकानाच तयार झाला. तो क्लोरीनच्या आणि सोडियमच्या कुटुंबांमध्ये अलगद बसला, बाकी एकाही रकान्याला धक्का न लावता. सारणीची खरी परीक्षा हीच होती, असं म्हणायला हवं. स्वतः सोडलेल्या जागा भरणं एक वेळ सोपं; कल्पनेतही नसलेलं कुटुंब सामावून घेणं अवघड. मेंडेलीव्ह यांनीही पुढे हा रकाना मान्य केला. १९०४ ची नोबेल पारितोषिकं रॅले यांना भौतिकीत आणि रॅम्से यांना रसायनात मिळाली. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूर सुचवणारे रॅम्से हेच, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक हेच ट्रॅव्हर्स.

पोटॅशियमपेक्षा जड असलेला आरगॉन त्याच्या आधी का? उत्तर १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी दिलं. मूलद्रव्यांमधून निघणारे क्ष-किरण मोजून त्यांनी दाखवलं की क्रम भाराने ठरत नाही, अणुकेंद्रातल्या धनप्रभाराने ठरतो. क्लोरीन १७, पोटॅशियम १९; मधला १८ आरगॉनचा. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले.

केंद्रात जितके प्रोटॉन, तितके इलेक्ट्रॉन बाहेर. त्यांच्या भरण्याच्या रीतीमुळे सारणीच्या सात ओळींत २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी घरं होतात. प्रत्येक ओळ राजवायूवर संपते, कारण तिथे बाहेरच्या कवचात देण्याघेण्यासारखं काही उरत नाही. हेलियमपाशी दोनच इलेक्ट्रॉन. त्या हिशेबाने तो मॅग्नेशियमच्या रकान्यात बसता, पण स्वभाव पाहून त्याला उजवीकडे नेलं आहे. अलिप्तपणाही अभंग नाही: १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं.

या रकान्याच्या तळाशी आता ११८ क्रमांकाचं ओगानेसॉन आहे. रशियातल्या दुब्ना इथे बनवलेले त्याचे मोजके अणू हजारांश सेकंदाच्या आसपास टिकले. राजवायूंच्या रांगेत असूनही ते वायू नसावं, असं गणित सांगतं. त्याचं नाव नोव्हेंबर २०१६ मध्ये पक्कं झालं, निहोनियम, मॉस्कोव्हियम आणि टेनेसिन यांच्याबरोबर. शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला तक्ता एकदा पाहून घ्या. ११८ च्या घरात तीन अक्षरांची तात्पुरती खूण असेल किंवा घर कोरंच असेल, तर नवा तक्ता आणायला हवा.