टीव्ही पाहिला म्हणून संध्याकाळ वाया जात नाही

कामावरून दमून आलेल्या माणसाने टीव्ही लावला किंवा रहस्यकादंबरी उघडली, की कुणीतरी हमखास म्हणतं, “वेळ कशाला वाया घालवतोस? काहीतरी उपयोगाचं कर.” हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ते सोडून देववत नाही. ते चुकीचं तर आहेच, शिवाय ऐकणाऱ्याचं नुकसान करणारं आहे.

कामाच्या ताणातून माणूस कसा सावरतो, याचे चार भाग झोनेनटाग आणि फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली मांडले: मन कामापासून सुटणं, अंगातला ताण सैलावणं, काही नवं जमणं आणि मोकळा वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. ‘उपयोगाचं’ हे त्यातल्या फार तर एका भागात बसतं. बाकीचे तीन उपदेशकांच्या हिशेबातच नसतात.

याहून महत्त्वाचा अभ्यास रायनेके आणि सहकाऱ्यांचा, २०१४ सालच्या ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’मधला. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ४७१ जणांना त्यांनी कामानंतरच्या टीव्ही आणि व्हिडिओ गेमबद्दल विचारलं. जे जास्त दमलेले होते, त्यांनाच आपण चालढकल करतोय असं अधिक वाटलं, त्यातून अपराधीपणा आला आणि विश्रांती कमी लाभली. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणभाव पक्का म्हणता येत नाही. पण ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती लाभू नये आणि त्याच्या मनातल्या टोचणीत आपण भर घालावी, हे मला संतापजनक वाटतं. जागरणाचे आणि तासन्तास बसून राहण्याचे तोटे खरे आहेत. तेवढे सांभाळून तासभर मालिका पाहणाऱ्याला कुणाचीही माफी मागायची गरज नाही.

दुसरा शेरा ऐतिहासिक रहस्यकथांवर: “हलकं वाचन, त्यात इतिहास कुठला?” एलिस पीटर्स या टोपणनावाने एडिथ पार्जेटर यांनी लिहिलेला ब्रदर कॅडफेल पाहा. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, श्रूझबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा हा साधू. अभिनेते डेरेक जॅकोबी यांच्यामुळे १९९४ पासून तो टीव्हीवरही आला. ‘वन कॉर्प्स टू मेनी’ या १९७९ सालच्या कादंबरीत राजा स्टीफन श्रूझबरीचा किल्ला जिंकून ९४ जणांना फाशी देतो आणि कॅडफेलला मृतदेह मोजताना ९५ सापडतात. जादाचा मृतदेह लेखिकेचा. ११३८ चा वेढा आणि नव्वदीपार लोकांची फाशी मात्र ऑर्डरिक व्हिटॅलिस या समकालीन इतिहासकाराने नोंदवलेली आहे. लेखिकेने काही वर्षं औषधांच्या दुकानात काम केलं होतं, तेही या कथांमध्ये जाणवतं.

आपल्या जवळचं उदाहरण सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या कादंबरीचं. कथा १९२१ च्या मुंबईतली. पुरुषांना जिथे प्रवेश नाही त्या पडदानशीन विधवांशी वकील परवीन मिस्त्री बोलू शकते, म्हणूनच तपास पुढे सरकतो. परवीन काल्पनिक आहे, पण तिच्यामागची एक प्रेरणा नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पडदानशीन स्त्रियांची कायदेशीर बाजू सांभाळण्यात त्यांनी आयुष्य घातलं, आणि स्त्रियांना वकिलीची दारं उघडणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. हलकं वाचन म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता किरकोळ समज. अंधारात टीव्ही पाहिल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, फक्त थकतात.

“शेवट कळला की मजा गेली” हेही ठाम सांगता येत नाही. २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात शेवट आधी कळलेल्यांना कथा जास्त आवडल्या, नंतरच्या अभ्यासांत उलटंही दिसलं.

“सहा मिनिटांच्या वाचनाने ताण ६८ टक्के घटतो” हा आकडा आपल्या बाजूचा असला तरी पुढे पाठवू नका. तो एका छोट्या चाचणीतून आला आणि रीतसर शोधनिबंध म्हणून कधी छापला गेला नाही.

आणि टॅब्लेट म्हणजे छापील पुस्तकच, असं समजू नका. २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी काही तास टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. सहभागी बाराच होते, तरी रात्रीचं शेवटचं प्रकरण कागदावर वाचलेलं बरं.