थार रॉक्स आली, मग आमच्या ५४०चं काय?

मुंबई-नाशिक हायवेवरची चहाची टपरी, पाच मित्र, एक मेकॅनिक आणि एक बायको. विषय एकच : कंपनीतून तयार होऊन आलेली फोर बाय फोर घ्यायची की नाही?

ऑगस्ट २०२४. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराची गोष्ट. ऑफिस सुटल्यावर आम्ही रांजनोली नाक्याजवळच्या नेहमीच्या टपरीवर जमलो होतो. वर ताडपत्रीवर पाऊस, समोर हायवेवर कंटेनरची न हलणारी रांग. सुट्टीला कुठे जायचं ते ठरवायला भेटलो होतो, पण पाचही मोबाईलवर एकच गाडी होती : पाच दरवाज्यांची थार रॉक्स. किंमत नुकतीच जाहीर झाली होती. १२ लाख ९९ हजारांपासून पुढे, एक्स-शोरूम.

‘‘बुक करतोय, बॉस!’’ आमच्यातला बँकवाला म्हणाला. तो दर लाँचला हेच म्हणतो. आजवर त्याने फक्त हेल्मेट घेतलंय.

मी माणकोलीच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो. दिवसभर ट्रक मोजायचे, हेच काम. नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या थार मोठ्या ट्रेलरवर चढून आमच्याच हायवेने मुंबईकडे उतरतात. पडघ्याचा टोलनाका सोडला की वडप्यापासून पुढे ट्रॅफिकमध्ये अडकतात, आणि आम्ही बाजूला उभं राहून फुकटात शोरूम बघून घेतो. म्हणजे भिवंडीकरांना थार नवी नाही. पण ही रॉक्स माझ्यासाठी वेगळी होती, कारण तिच्यामुळे घरात एक प्रश्न उभा राहिला. बाबांची जीप विकायची का?

बेल्ट काढून पाण्यात

आमच्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. १९९२ची. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन, पुढे-मागे पाटे, छप्पर कापडाचं. बाबांनी ती सेकंड हँड घेतली तेव्हा सूत ने-आण करायला घेतली होती, हौस म्हणून नाही.

२६ जुलै २००५ला कामवारीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाबांनी बॉनेट उघडलं, फॅन बेल्ट काढला आणि पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला, जीप पाण्यात घातली. बेल्ट का काढला, ते मला खूप नंतर कळलं. पंखा फिरत राहिला तर पाणी उडवून सगळ्या इंजिनावर मारतो. त्या दिवशी त्यांनी शेजारची दोन कुटुंबं बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या चाचांनी डिफरन्शियलचं ऑइल काढलं, तर ते दुधासारखं पांढरं! आत पाणी गेलेलं. सगळी ऑइलं बदलली आणि जीप पुन्हा कामाला लागली.

२०२०मध्ये बाबा गेले. जीप माझ्याकडे आली. आणि २०२३मध्ये मुलगी झाली. इथून पुढचं गणित तुमच्या लक्षात आलंच असेल. ५४०मध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे समोरासमोर दोन बाकडी. बाळाची सीट बांधणार कशाला? बायकोने एकदाच सांगितलं, ‘‘तुझी जीप छान आहे, पण पिल्लू त्यात बसणार नाही.’’ मी वाद घातला नाही. घालण्यासारखा मुद्दाच नव्हता.

आधी बनवायची, आता विकत घ्यायची

तुम्ही म्हणाल, एका गाडीवरून एवढी चर्चा कशाला? कारण आपल्याकडे जीपच्या वेडाची रीतच वेगळी होती. महिंद्राने दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून जीप ही ‘बनवून घ्यायची’ गोष्ट झाली. चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, टायर तिसऱ्याचे. १९८५ला मारुतीची जिप्सी आली, ती कारखान्यातूनच फोर बाय फोर होती. पण तिच्यातही लोक काहीतरी बसवल्याशिवाय राहायचे नाहीत. चाचांच्या गॅरेजमध्ये एकेकाळी एका वेळी तीन-तीन जीप उघड्या पडलेल्या असायच्या.

ऑक्टोबर २०१०मध्ये पहिली थार आली. जुन्या जीपचा चेहरा, आत नवं कॉमन रेल डिझेल. तीही अर्धीच तयार वाटायची. एसी होता, पण छप्पर, सीट, साउंड सगळं लोक बाहेरून करून घ्यायचे. २०२०च्या गांधी जयंतीला दुसरी थार बाजारात आली आणि चित्र पालटलं. ऑटोमॅटिक गिअर, पक्कं छप्पर, टचस्क्रीन, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार स्टार. जून २०२३मध्ये पाच दरवाज्यांची मारुती जिम्नी, मे २०२४मध्ये फोर्सची पाच दरवाज्यांची गुरखा, आणि मग रॉक्स.

मधल्या काळात कायदाही आडवा आला. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा प्रत्येक बदल मालकाला पाच हजारांच्या दंडात नेऊ लागला, वर कैदेचीही तरतूद. मोठे टायर, दुसरं इंजिन, कापलेली बॉडी, सगळं त्यात आलं. म्हणजे आता खरी फोर बाय फोर हवी, तर कंपनी देईल तीच.

चाचा त्यावर एवढंच म्हणाले, ‘‘पहले लोग पूछते थे, चाचा, क्या बना दोगे? अब पूछते हैं, चाचा, ये वाली लूँ क्या?’’

टपरीवरची पार्लमेंट

आता आमच्या वादावर या. आमच्यात एकाकडे २०१०च्या पिढीतली थार आहे आणि एकाकडे जिम्नी. दोघांनीही रॉक्सच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

पहिला मुद्दा पोटाचा. तीन दरवाज्यांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलीमीटर, रॉक्सचं २८५०. तब्बल ४० सेंटिमीटर जास्त. उंचवटा ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मध्ये गाडीचं पोट. अंतर जितकं जास्त, तितकं पोट टेकण्याची भीती जास्त. हे कोनात मोजतात : तीन दरवाज्यांच्या थारला २७ अंश, रॉक्सला २३.९. पुढून चढण्याचा कोन मात्र दोघींचा जवळपास सारखा, साडेएकेचाळीसच्या वर. पाण्यात उतरायची मर्यादाही सारखी, ६५० मिलीमीटर.

‘‘आणि वजन?’’ जिम्नीवाला लगेच म्हणाला. त्याची गाडी साधारण १२०० किलोची. चिखलात हलकी गाडी वर तरंगते, जड रुतते, हे त्याचं आवडतं वाक्य. त्यावर थारवाल्याचं उत्तर ठरलेलं : ‘‘तुझ्या दीड लिटर पेट्रोलला घाटात एसी बंद करावा लागतो, त्याचं बोल.’’

गुरखाचं नाव निघालं तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. पुढे आणि मागे, दोन्ही डिफरन्शियलला लॉक. म्हणजे एक चाक हवेत लटकलं आणि नुसतं गरगरायला लागलं, तरी लॉक लावला की दुसऱ्या चाकाला ताकद मिळतेच. शिवाय कारखान्यातूनच स्नॉर्केल. पण अठरा लाखांची गुरखा रोज माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची? हात वर झाले नाहीत.

दुसरा मुद्दा किमतीचा. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये रॉक्सच्या फोर बाय फोरची किंमत सांगितलीच नव्हती. १२.९९चा आकडा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीचा. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळणार होती, आणि सप्टेंबरअखेर आकडा आला : १८ लाख ७९ हजारांपासून.

आणि तिसरा मुद्दा, ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं. आतल्या सीट पांढऱ्या! जुलैमधला भिवंडीचा चिखल बघितलेल्या माणसाला हसावं की रडावं कळेना. पुढे फोर बाय फोरला तपकिरी रंगही मिळू लागला, तेव्हा टपरीवर टाळ्या वाजल्या.

३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात पावणेदोन लाखांवर बुकिंग झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. बँकवाला त्यात नव्हता. मीही नव्हतो.

बायकोचा प्रश्न

घरी मी एक्सेल शीट उघडून बसलो. पंधरा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं : ईएमआय साधारण साडेचोवीस हजार. सात वर्षांत व्याजच साडेपाच लाखांच्या वर. डाउनपेमेंटसाठी ५४० विकायची, शिवाय बिल्डिंगमध्ये पार्किंग एकच.

बायको शीट बघत होती. म्हणाली, ‘‘वर्षातून किती वेळा लागतं रे तुला फोर व्हील?’’

मी मनातल्या मनात मोजलं. पावसाळ्यात चार-पाच रविवार, हिवाळ्यात दोन-तीन.

‘‘आणि आपले खड्डे?’’ मी शेवटचा प्रयत्न केला.

‘‘खड्ड्याला उंच गाडी लागते. चारही चाकं फिरवायची काय गरज?’’

खरं सांगतो, इतकी वर्षं टपरीवर बसून हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता.

वज्रेश्वरीच्या पुढचा रविवार

फेब्रुवारी २०२५मध्ये थारवाल्याच्या चुलतभावाची रॉक्स फोर बाय फोर आली, आणि आम्ही वज्रेश्वरीच्या पुढे ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर गेलो. भात कापून झालेलं, माती कोरडी, मधून ओढ्याची खाच. परवानगी घेतल्याशिवाय आम्ही कुणाच्या शेतात किंवा जंगलात घुसत नाही, हा आमचा एकमेव नियम.

ओढ्याच्या काठाचा उंचवटा ५४०ने न बोलता पार केला. रॉक्सचं पोट मात्र टेकलं. ‘खर्रर्र’ असा आवाज, आणि चुलतभावाचा चेहरा पांढऱ्या सीटसारखा! आम्ही जुनी माणसं जरा जास्तच खूश झालो.

मग चढ आला. सुटी खडी, मध्ये चाकोरी. ५४०मध्ये मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगशी कुस्ती खेळत, दात आवळत वर पोचलो. मागून बायको रॉक्स घेऊन आली. तिने पहिल्यांदाच लो रेंज वापरला होता. मागचा डिफरन्शियल लॉक बटणावर, चढताना आवाजही नाही. मागे बाळाच्या सीटवर आमचं पिल्लू झोपलेलं होतं. झोपलेलंच राहिलं.

नोव्हेंबर २०२४मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत रॉक्सला मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाल्याचं मी वाचलं होतं. सहा एअरबॅग सगळ्याच मॉडेलना. पण पटलं ते त्या चढावर.

उतरल्यावर बायको म्हणाली, ‘‘ही घेऊ. फोर बाय फोर नको. आणि बाबांची जीप विकायची नाही.’’

टू व्हील थार?

तर मंडळी, मे २०२५मध्ये आमच्या घरी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल रॉक्स आली. दहा लाख कर्ज, ईएमआय साधारण सोळा हजार तीनशे. टपरीवर माझी जी काय शोभा झाली! ‘‘टू व्हील थार? म्हणजे बिनमिरचीचा वडापाव!’’ जिम्नीवाला आठवडाभर बोलला नाही.

५४० काकांच्या खळ्यात, पडघ्याला गेली. तिचीही किंमत मोजावी लागते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नव्याने करावी लागते, आणि वीस वर्षांवरच्या कारची ती फी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार झाली. ती मी भरणार. हौसेचा ईएमआय समजा.

चाचांच्या गॅरेजमध्ये आता त्यांचा मुलगा लॅपटॉप लावून नव्या गाड्यांचे कोड वाचतो. पण पहिल्या पावसानंतर ५४०चं ऑइल बघायला चाचा स्वतः पडघ्याला आले. बोटावर थेंब घेतला, उजेडात धरला. ‘‘साफ है,’’ म्हणाले. पिल्लू माझ्या कडेवरून बघत होतं. मी चावी फिरवली, खळ्यात धूर झाला आणि ते खदखदून हसलं. आत नाही बसवलं. तेवढं ठरलेलं आहे.

बुकिंग करण्याआधी एवढं करा

• मागच्या वर्षी किती दिवस खरोखर फोर व्हीलची गरज पडली, ते लिहून काढा. पाचच्या आत असतील, तर मित्राची जीप आणि त्याचं डिझेल स्वस्त पडेल.

• फक्त पहिली किंमत बघू नका. तुम्हाला हवं ते इंजिन, गिअर आणि फोर बाय फोर एकाच मॉडेलमध्ये मिळतं का, ते आधी तपासा.

• घरातल्या दुसऱ्या चालकालाही टेस्ट ड्राइव्ह द्या. मागच्या सीटवर वीस मिनिटं स्वतः बसा.

• बाहेरून काहीही बसवण्याआधी आरटीओ आणि वॉरंटी, दोन्हीकडे विचारा.

• पाण्यातून गाडी काढलीत, तर डिफरन्शियलचं ऑइल बघून घ्या. दुधासारखं दिसलं, तर त्याच दिवशी बदला. आणि पुराच्या वाहत्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नका. बाबांनी त्या दिवशी घातली, कारण पलीकडे माणसं अडकली होती.