अंगणात आलेली अक्षरे

सतराव्या शतकात इंग्लंडमधील पुष्कळ घरांत छापील पुस्तके येऊ लागली होती. १६११ मध्ये बायबलाचे सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतर छापले गेले. अनेक कुटुंबांत रात्री एक जण ते मोठ्याने वाची आणि मुलेमाणसे, नोकरचाकर ऐकत बसत.

त्या काळी महाराष्ट्रात ग्रंथ बोरूने लिहून काढीत. ज्ञानेश्वरीची अथवा दासबोधाची पोथी कापडात बांधून जिवापाड जपली जाई. एक जण वाची, बाकीचे श्रवण करीत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्यामुळे शेकडो ओव्या मुखोद्गत असत. वाचणारा एक असला, तरी ज्ञान साऱ्या घराला मिळे.

परंतु ज्या घरात वाचणारे एकही माणूस नाही, त्याने काय करावे? डहाणू व तलासरी भागातील वारल्यांच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक घरांची हीच स्थिती होती. गाणी आणि कथा त्यांच्या कंठात होत्या. लग्नाचा सुंदर चौक त्यांच्या भिंतीवर उमटे. पण सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे न कळताच अंगठा उठवावा लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी कित्येकांच्या नशिबी वेठबिगारी आली.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब घरची मुले शाळेत येत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी तेथे शिक्षण चाले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्याला कडेवर घेऊनच शाळेत येता येई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरे. गुरे चरत असता मुले शिकत.

यांतील कित्येक मुले आपापल्या घरातील पहिली वाचणारी माणसे ठरली. घरात कागद आला, तर त्यावर काय लिहिले आहे हे सांगणारे आता कोणीतरी घरचेच होते.