घाटेअळीच्या पोटातला बंदोबस्त

रायपुरात माझं शेतीऔषधांचं दुकान. धान निघालं की आरंगकडचे शेतकरी हरभरा पेरतात, आणि घाटे भरताना एकच प्रश्न येतो: डोस वाढवू का? मी उलट विचारतो, अळी केवढी झालीय?

क्विनॉलफॉस हे कीटकनाशक अळीच्या मज्जातंतूंतलं असेटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतं. एका पेशीचा निरोप पुढे पोचला की तो पुसायचा, हे त्याचं काम. निरोप पुसलाच गेला नाही, की अळी थरथरते, लुळी पडते, मरते.

पण तिच्या आतड्यात आणि मेदपिंडात विष तोडणारी विकरंही असतात: एस्टरेज, सायटोक्रोम पी-४५०. मोठ्या अळीत ती बरीच जास्त. वर्षानुवर्षं सायपरमेथ्रिन हे एकच औषध मारलं, तर ही विकरं भरपूर असलेल्याच अळ्या वंश वाढवतात. विदर्भात कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी म्हणजे हीच बया. तिच्यासाठी प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असं मिश्रण येतं. पहिलं एस्टरेजला अडवतं, म्हणून दुसरं टिकतं. हुशारीच ती! तरी डोस वाढवण्याऐवजी मी बारीक अळी असतानाच फवारा म्हणतो, आणि कामगंध सापळे देतो. त्यात मला फारसं सुटत नाही.