स्पूलर बंद, स्पूलर चालू

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, परतूरसारख्या तालुक्याच्या गावांत संगणकाचे क्लास निघाले आणि पाठोपाठ झेरॉक्सच्या दुकानांत संगणक आले. विंडोज एक्सपीच्या त्या दिवसांत दुकानदाराचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे अडकलेली प्रिंट. भारनियमन होतंच. लाइट गेली की प्रिंटर अर्ध्या पानावर थांबायचा, आणि लाइट आल्यावर तीच प्रिंट पुन्हा रांगेत पहिली. कॅन्सल करा, ‘डिलीटिंग’ असं दाखवून ती तिथेच. बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं खोळंबलेली.

मूळ कारण साधं होतं. छपाईचं काम डिस्कवर, सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’च्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरात, दोन फाइलींच्या रूपात पडून असतं : एसपीएलमध्ये छापायचा मजकूर, एसएचडीमध्ये त्या कामाचा तपशील. म्हणून लाइट गेली तरी ते जात नाही. आणि स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, चालू आहे तोवर त्याने धरलेली फाइल पुसायला गेलं की उत्तर ठरलेलं : दुसरी कुणी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम ती वापरतो आहे. कोण, ते एक्सपी सांगत नसे.

उपाय तीन ओळींचा. ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग त्या फोल्डरावर ‘डेल’, मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. नोटपॅडमध्ये लिहून ‘डॉट बॅट’ नावाने सेव्ह करायचं आणि डेस्कटॉपवर ठेवायचं. सगळी करामत क्रमात आहे. काही यंत्रांवर ही फाइल मध्येच थांबायची, कारण फॅक्स सेवा स्पूलरवर अवलंबून असली की विंडोज ‘तीही बंद करू का?’ म्हणून विचारत बसतं. पहिल्या ओळीपुढे ‘स्लॅश वाय’ लावलं की ते विचारणं बंद.

पुढे पेनड्राइव्हचे व्हायरस आले. ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ पुसावी तर ती स्वतःच चालू असायची, म्हणून आधी ‘टास्ककिल’. एक्सपी होममध्ये हा हुकूमच नव्हता, तिथे ‘टीएसकिल’वर भागवावं लागे. व्हायरसपुरतं हे ठीक. पण टास्ककिलची चटक लागली आणि लोक टॅलीसारख्या चालू हिशेबावरही ते चालवू लागले. ते मला कधीच पटलं नाही. सेवेला थांब म्हटलं की ती हातातलं काम आवरून थांबते, टास्ककिलचा ‘स्लॅश एफ’ तेवढी सवड देत नाही.

विंडोज ७ वर जुनी बॅच फाइल एकाएकी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणू लागली. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ लागत होतं. पण फाइल कोणी धरली आहे, त्याचं नाव मात्र आता पुष्कळदा खिडकीतच दिसू लागलं. युनिक्स-लिनक्सवाल्यांना हा त्रास सहसा नव्हताच : तिथे नाव लगेच पुसलं जातं, आणि फाइल उघडलेला शेवटचा प्रोग्रॅम बंद झाला की जागा मोकळी होते. विंडोज १० त्या वाटेने थोडं सरकलं, तरी ज्या प्रोग्रॅमने पुसण्याची मुभा न देता फाइल उघडली आहे, तिथे आजही आधी त्यालाच थांबवावं लागतं.

जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही स्पूलरमधली फट उघडी पडली, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने तात्पुरता उपाय म्हणून स्पूलर बंद ठेवायला सांगितलं. पहिली ओळ दुकानदारांना पाठच होती. पण जुलै म्हणजे पीकविम्याच्या अर्जांचा हंगाम. तिसऱ्या ओळीवाचून त्यांचं भागणार कसं?